आप्पांच्या खिशातला रेडिओ

अंगणात सुपारी वाळत पडली की आमच्या घराचा आवाज बदलतो. एरवी इथे फारसा आवाज नसतोच. माडांच्या झावळ्या, खालच्या धक्क्यावरून येणारी बोटीच्या इंजिनाची घरघर, संपलं. पण थंडीच्या तोंडावर घड उतरले, केशरी सुपारी अंगणभर पसरली, की तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक पावलाची वर्दी घरात पोचते. ओली असते तोवर हा आवाज जड, बसका. उन्हं खात खात ती सालीच्या आत सुटी होते आणि मग नुसता पाय लागला तरी खुळखुळते. मंदाकाकी एखादी उचलून कानाशी हलवतात, नाक मुरडतात, परत टाकतात. अजून थोडं ऊन पायजे, म्हणतात.

यंदाची सुपारी आता वाजू लागली आहे. मी माडीवर टेबलाशी बसले आहे, समोर खिडकी, खिडकीत खाडी. मंदाकाकी, शेजारच्या वाडीतल्या, आता आमचीही वाडी त्याच बघतात, खाली पायानं सुपारी परततायत. हातात गरम सोल्डरिंग आयर्न धरून मी मघापासून नुसती ऐकते आहे. एका हंगामात मी हा आवाज असाच कान लावून ऐकत असे. आवाज आला म्हणजे आप्पा अंगणात आहेत. आवाज थांबला म्हणजे ते बसलेत, नाहीतर निघालेत.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या लाँचचं इंजिन सांभाळलं. पुढे गाड्या पोटात घेऊन जाणारी मोठी फेरीबोट आली, तिला इकडे सगळे जंगलजेटी म्हणतात, आणि लाँच मागे पडली. तोवर आप्पांचंही वय झालं होतं. मग ते वाडीत रमले, आणि आई गेल्यावर वाडीत एकटे उरले. मी नवी मुंबईत, एका कंपनीत सर्किटं तपासायच्या नोकरीत. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे एकटेपणाची सवय होती असं मला वाटायचं. एके दिवशी मंदाकाकींचा फोन आला, आप्पा जेवून उठले की परत ताट मागतात, ही लक्षणं काही बरी नाहीत. मी साहेबांशी बोलून काम घरी आणलं, भाड्याची खोली सोडली, बॅग भरली.

मी आले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. आलीस, जेवून घे, एवढंच म्हणाले, जशी मी सकाळीच बाहेर पडले होते. काही दिवस सगळं ठीक चाललं आहे असं वाटावं इतपत ठीक चाललं. मग एका सकाळी मी चहाचा कप पुढे केला, तर ते किंचित सावरून बसले, परक्या बाईसमोर पुरुष सावरून बसतो तसे, आणि म्हणाले, "तुम्ही कशाला तरास घेतला?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण दुपारीही 'तुम्ही', संध्याकाळीही 'तुम्ही'. बाई, तुम्ही जेवलात का? बाई, तुमचं गाव कुठलं? रागावले तरी 'तू', लाडात आले तरी 'तू', असा जन्म गेला होता आमचा. त्यांच्या तोंडचा तो आदर मला सोसवेना. ते ओरडले असते, ताट भिरकावलं असतं, तर एक वेळ परवडलं असतं. पण आप्पा फार अदबीनं वागत. मी खोलीत आले की पंचा खांद्यावर घेत. घरात दोन माणसं होती आणि दोघंही पाहुण्यासारखी वागत होती.

आणि ते निघून जात. जात ते धक्क्यावरच, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. धक्क्यावर चहाची टपरी आहे, तिच्याशेजारी सिमेंटचा कट्टा. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटीकडे बघत राहत. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट होता तो मधला रस्ता. बंदराकडे जाणारे ट्रक त्याच वळणावरून सुटतात. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळलेल्या असतात, आणि आप्पांच्या पायांना अजूनही वाटायचं की आपण त्या उतरू शकतो. माझं काम संगणकावर, डोकं खाली. वर बघावं तर अंगण रिकामं.

मंदाकाकी म्हणाल्या, गळ्यात मोबाईल अडकव की त्यांच्या. अडकवून पाहिला. आमच्या चढावर रेंज धड नाही, आणि आप्पा इंजिनवाले. मोबाईल हाती आला की ते झाकण उघडायचे, बॅटरी काढायचे, शर्टाला पुसायचे आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी नीट ठेवून द्यायचे. एकदा मोबाईल तुळशीपाशी सापडला, बॅटरी तांदळाच्या डब्यात.

मग मी ठरवलं, आपणच काहीतरी करायचं. माझा तो जुना नाद होता. सर्किटं नोकरीत तपासायची ती लोकांची. स्वतःसाठी एखादं करावं असं मनात यायचं आणि राहून जायचं. मला हवं होतं ते अगदी छोटं: सुपारीएवढं एक यंत्र, नाण्यासारख्या चपट्या बॅटरीवर चालणारं. त्यात एक रेडिओ, आणि हालचाल ओळखणारी एक चिप. दर थोड्या वेळानं त्यानं जागं व्हायचं, मी इथे आहे, मी हलतोय किंवा मी स्थिर आहे, एवढं सांगायचं आणि परत झोपायचं. माडीच्या खिडकीत दुसरं यंत्र, ते ऐकून छोट्या पडद्यावर दाखवणारं. ना मोबाईलचं नेटवर्क, ना रोज चार्ज करायची कटकट.

कागदावर हे सोपं होतं. बोर्ड मागवले, भिंग लावून तिळाएवढे भाग डकवले, पहिल्याच झटक्यात बोलायलाही लागलं. पण बॅटरी टिकेना. हिशेबानं ती वर्षभर जायला हवी होती, ती आठवड्यात मरायची. अशा यंत्राला बोलायला शिकवणं सोपं असतं, झोपायला शिकवणं कठीण. जागं ते क्षणभरच असतं. उरलेला सगळा वेळ ते किती गाढ झोपतं यावर त्याचं आयुष्य ठरतं. कुठून तरी वीज झिरपत होती. मी एकेक भाग काढून मीटर लावत होते. चालू असल्याची खूण दाखवणारा लाल दिवा काढून टाकला, थोडा फरक पडला. एक रेझिस्टर बदलला, आणखी थोडा. शेवटी कळलं की रेडिओची चिपच झोपेचा हुकूम अर्धवट ऐकत होती. बाकी सगळे झोपलेले आणि ती एकटी जागी. तिला आधी नीट बंद करून मग इतरांना झोपवलं, आणि मीटरवरचा आकडा असा खाली गेला की मीटर बिघडला असं मला वाटलं.

हे सांगायला कुणी नव्हतं. मी खाली आले. आप्पा पडवीत बसले होते. मी म्हटलं, आप्पा, झालं, झोपलं ते. ते समजूतदारपणे हसले. बरं झालं, म्हणाले, लेकरू झोपलं की आईला जरा उसंत मिळते.

खारी हवा तांब्याला महिन्याभरात हिरवं करते, म्हणून बोर्डावर लेप लावायचा असतो. इथे तो कुठे मिळणार. मी बाजारातून बिनरंगी नेलपॉलिश आणलं. मंदाकाकींनी ती बाटली टेबलावर पाहिली आणि मग माझ्या नखांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी अबोलीचा गजरा घेऊन आल्या. त्यांना काय वाटलं ते मला कळलं. मी तो माळला. दिवसभर केसात असू दिला. तेवढंच त्या हिवाळ्यात मला कुणीतरी हात लावल्यासारखं वाटलं.

यंत्र एका छोट्या डबीत बंद करून मी आप्पांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते आधी बोटांनी चाचपलं, मग सुपारी हलवून पाहतात तसं कानाशी हलवलं.

"काय हाय हे?"

मी म्हटलं, "रेडिओ आहे, आप्पा. लहानसा. खिशात ठेवायचा."

त्यांनी परत कानाला लावलं. "बोलत न्हाय."

"तुम्हाला ऐकू यायचं नाही. तो मला सांगतो."

यावर त्यांनी शर्टाच्या खिशात डबी ठेवली. उघडली नाही. का उघडली नाही, ते मला आजही कळलेलं नाही. रेडिओ त्यांना बंद असतानाच पवित्र वाटत असावा. आमच्या घरातला जुना रेडिओ खोलायचा तो मी, आणि परत जोडायलाही आप्पा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, मलाच करायला लावत.

मग ते दिवस सुरू झाले. खाली सुपारीचा खुळखुळाट, वर पडद्यावर आलटून पालटून दोन शब्द, 'हालचाल' आणि 'स्थिर'. ते मी मुद्दाम मराठीत लिहिले होते. आप्पा उतार उतरायला लागले की 'हालचाल', कट्ट्यावर टेकले की 'स्थिर'. मी कामात असले तरी डोळ्याच्या कोपऱ्यात ते शब्द असत. आप्पा कुठे आहेत ते मला आता कायम ठाऊक असायचं. ते मला विचारत, बाई, तुम्हाला कसं कळतं मी कुठं हाय ते? मी म्हणे, कळतं. एखाद्या माणसाबद्दल इतकं ठाऊक असावं आणि त्यानं आपलं नावही विचारावं, यात काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. संध्याकाळी मी त्यांना आणायला जायचे तेव्हा ते उठून उभे राहत. तुम्ही घरापर्यंत सोडाल का, अंधार पडंल, असं विचारत.

सुपारी अर्धीअधिक वाळली होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, भरती. पडद्यावर 'हालचाल' आलं. परत आलं. परत आलं. आप्पा वर यायला निघाले असं समजून मी अंगणात डोकावले. कुणी नव्हतं. पडद्यावर मात्र 'हालचाल' थांबेना, आणि सिग्नल एरवीपेक्षा स्वच्छ येत होता. धक्का आमच्या खिडकीतून दिसत नाही, तो चढाच्या आड आहे. तिथून येणारा सिग्नल नेहमी दुबळा असतो. हा उघड्यावरून येत होता. मी आकडे उघडून पाहिले. चालणाऱ्या माणसाची हालचाल तुटक असते, पाऊल, पाऊल, थांबा. ही एकसारखी होती, बारीक, न थांबणारी थरथर. अशी थरथर इंजिनाची असते. मी खिडकीतून पाहिलं. जंगलजेटी खाडीच्या मध्यावर होती.

मी कशी उतरले ते आठवत नाही. सुपारीवरून पाय सरकला, तळहात सोलला, तो नंतर दिसला. बोटीच्या कठड्याशी उभे असलेले आप्पा मला दिसत होते, आणि पलीकडे उतरून मुरूडच्या रस्त्याला लागलेले आप्पाही दिसत होते. पाण्याचा विचार मी करत नव्हते, पण तोच आधी येत होता.

आप्पा कट्ट्यावर बसले होते. पाय हलवत.

मी त्यांच्या शेजारी बसले. बोलता येईना एवढा दम लागला होता. त्यांनी टपरीवाल्याकडून पाणी मागून घेतलं आणि मला दिलं. मग मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. खिसा रिकामा होता.

"रेडिओ कुठे गेला, आप्पा?"

"बायला धाडला," ते म्हणाले. "आमची बाय मुरूडला हाय, मामाकडं. अकरावीला. तिला रेडिओ खोलायचा भारी नाद. माझ्या खिशात काय उपयोग त्याचा? म्हटलं, तिच्या कामी येईल."

बाय म्हणजे मी. अकरावी-बारावी मी मुरूडला मामाकडे राहून केली. गावात विज्ञान शाखा नव्हती. त्या दोन वर्षांत आप्पा लाँचवरून माझ्यासाठी काय काय धाडत असत: भाकरी, सुकट, आणि मुंबईहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागून घेतलेले मोडके ट्रान्झिस्टर. पलीकडे तिकिटाच्या खिडकीवर ठेवत, मी शनिवारी जाऊन घेत असे. आताही त्यांनी एका खलाशाला थांबवून डबी दिली होती आणि खिडकीवर ठेवायला सांगितलं होतं.

त्यांना एकटं सोडून पलीकडे जाणं शक्य नव्हतं. पुढच्या बोटीला मी त्यांना बरोबर घेतलं. बोटीवर पाऊल ठेवताच ते सरळ झाले. लोखंडी पत्र्यावर तळहात ठेवून इंजिन ऐकलं, मान डोलावली. मग कठड्याशी माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी मला त्यांच्या मुलीबद्दल सांगायला सुरुवात केली. ती बोलत कमी. तिला माशाचं डोकं आवडत नाही. लहानपणी तापात ती इंजिनाचा आवाज काढत होती. ती गेल्यापासून घरात रेडिओ लावत नाही, लावला की तिची आई जेवत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. आई जेवत नसे, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वारं होतं, त्यामुळे डोळ्यांना पाणी येण्याचं कारण द्यावं लागलं नाही. मी विचारलं, तुम्हाला तिची आठवण येते का? ते म्हणाले, "रोज ह्याच पाण्यावरनं जातो मी. आठवण येते म्हणून काय कुणाला सांगायची?"

आगरदांड्याच्या तिकीट खिडकीवर रशीदभाई असतात. आप्पांना लाँचच्या दिवसांपासून ओळखणारे, मलाही. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि डबी हातात घेऊनच बाहेर आले. सलाम चाचा, म्हणाले, तुमची अमानत सांभाळून ठेवली. आणि सरळ माझ्यापुढे हात केला.

आप्पांनी मध्ये हात घातला. आवाज चढवला नाही, पण रशीदभाईंचं मनगट धरलं.

"ह्यांना न्हाय. ह्या बाई माझ्यासंगती आल्यात. आमची बाय लहान हाय. ती येईल घ्यायला."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. डबी आमच्या तिघांच्या मध्ये होती. मी हात लांब केला असता तर मिळाली असती. आप्पा कुरकुरले असते, आणि घरी पोचेपर्यंत विसरलेही असते. पण त्यांनी ते मनगट ज्या ताकदीनं धरलं होतं ती माझ्यासाठी होती. मी मान हलवली. राहू द्या, म्हटलं, तिचं आहे, ती येईल.

रशीदभाईंनी डबी छातीशी नेली. "बराबर हाय चाचा. तिच्याच हातात देईन."

परतीच्या बोटीत आप्पा शांत होते, काम उरकलेल्या माणसासारखे. घरी मी पडवीतल्या दिव्याखाली दुसरी डबी बनवायला घेतली. ती त्यांच्या बंडीच्या आतल्या बाजूला शिवून टाकली, त्यांना न सांगता. दुसऱ्या संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, मिळालं असंल का तिला?

मिळालं, मी म्हटलं.

"कशावरनं?"

मी माडीवर गेले आणि खिडकीतलं यंत्र खाली आणलं. पडवीच्या कोपऱ्यातूनही खाडी दिसते. मधे नुसतं पाणी, त्यामुळे पलीकडचा सिग्नल क्षीण का होईना पोचत होता. पहिल्या डबीच्या ओळीपुढे 'स्थिर' होतं. आम्ही दोघं बघत बसलो. ऊन खाली गेलं, सुपारीचा केशरी रंग तपकिरी झाला. आणि मग ते बदललं: 'हालचाल'. रशीदभाई खिडकी बंद करत असावेत. डबी त्यांनी खिडकीला लावायच्या फळीच्या खिळ्याला टांगून ठेवली होती, हे मला पुढे समजलं.

"हे बघा," मी म्हटलं. "तिच्या हातात आहे."

आप्पांनी चष्मा पुसून परत पाहिलं. मग पाय पसरले आणि बऱ्याच दिवसांनी, न सांगता, सगळा चहा प्यायले.

उरलेला हंगाम असा गेला. रोज त्या वेळेला ते पडवीच्या कोपऱ्यात येऊन बसत, मी यंत्र आणून ठेवत असे, आणि पलीकडे कुणीतरी फळी लावेपर्यंत आम्ही वाट बघत असू. कधी ते माझ्या अभ्यासाची काळजी करत. कधी थंडी पडली, तिच्याकडं गोधडी हाय का, असं मला विचारत. मी सांगत असे, आहे. त्या घटकेपुरतं आमचं दोघांचं एकाच मुलीवर लक्ष असायचं.

सुपारी वाळली. मंदाकाकींनी दोन बायका आणल्या, अंगणात गोणी उभ्या राहिल्या. त्या दिवशी आप्पा कोपऱ्यात येऊन बसले, पण काही विचारलं नाही. मी तरी यंत्र आणून समोर ठेवलं. ते माझ्याकडे पाहत राहिले, मी पडद्याकडे. शब्द बदलला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ती मुलगी त्यांच्या मनातून गेली होती. आता ती फक्त मला ठाऊक होती.

बऱ्याच वेळानं ते थोडे पुढे वाकले आणि फार अदबीनं म्हणाले, "बाई, रोज बघता तुम्ही. पलीकडं कोण हाय तुमचं?"

"माझे वडील," मी म्हटलं.

त्यांनी खाडीकडे पाहिलं. बोट पलीकडचा धक्का सोडून इकडे येत होती, तिचे दिवे नुकते लागले होते.

"मंग जा की," ते म्हणाले. "शेवटची बोट असंल ती. ते वाट बघत असतील."